सही करते, पण आधी वाचू दे

ताई,

माझं लग्न मे २०२५ मध्ये पुण्यात झालं. नवरा सहा वर्षं न्यू जर्सीत आहे, एच-१बीवर. पगार १,१०,००० डॉलर. मी २० सप्टेंबरला एच-४वर, म्हणजे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, एडिसनला आले, आयुष्यात पहिल्यांदाच. ऑगस्टअखेरपर्यंत पुण्यात नोकरी करत होते, महिना ८०,००० रुपये. आता टॅक्सचा सीझन आलाय आणि तो म्हणतो, ‘जॉइंट रिटर्न भरू, पाच-सहा हजार डॉलर वाचतात, तू फक्त सही कर.’ मी विचारलं, माझा पुण्याचा पगार दाखवायचा का? तर त्याचा ऑफिसातला मित्र म्हणे सांगतो, ‘ती तेव्हा इथे नव्हतीच, अमेरिकेचा काय संबंध?’ दुसरा मित्र म्हणतो, ‘यंदा सिंगलच भर, झंझट नको.’ माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. पुण्यात बचत खातं आहे, दोन एफडी आहेत, आणि फेब्रुवारीत लग्नखर्चासाठी मी थोडे म्युच्युअल फंड विकले होते. यावरून आमचं दोनदा वाजलं. मला त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, पण न वाचता सही करायची मला सवय नाही. (अहो-जाहो नको, तूच म्हणा.)

— एडिसनची नवी सून

...

प्रिय नव्या सूनबाई,

तुझं पत्र वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. आम्हीही स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो आणि मीही ‘कुठे सही करू?’ एवढंच विचारलं होतं. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

आधी दुसऱ्या मित्राचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं होतं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याच्या, आयआरएसच्या दृष्टीने तुम्ही अख्खं २०२५ साल विवाहित. ‘सिंगल’ हा पर्याय तुझ्या नवऱ्याला उरलेलाच नाही. रस्ते दोन: दोघांचं एकत्र रिटर्न, किंवा ‘विवाहित, पण वेगळं’. वेगळं भरलं तर तुझ्या नंबरच्या जागी तो ‘एनआरए’ अशी तीन अक्षरं लिहितो, म्हणजे बायको कराच्या हिशेबात अनिवासी. तुझी अमेरिकेत कमाई नाही, त्यामुळे तुला काहीच भरावं लागत नाही.

तू अनिवासी का, हेही समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. व्हिसा मिळाला म्हणजे कराच्या भाषेत इथली झालीस असं होत नाही. ग्रीन कार्ड नसेल तर दिवस मोजतात: या वर्षाचे सगळे, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, आणि बेरीज १८३ भरली पाहिजे. २० सप्टेंबर ते ३१ डिसेंबर हे होतात १०३ दिवस, आणि याआधी तू कधी आली नव्हतीस. तेव्हा २०२५ साठी तू अनिवासी. नवरा सहा वर्षं इथे आहे, तो निवासी.

एक निवासी आणि एक अनिवासी असं जोडपं एरवी एकत्र रिटर्न भरू शकत नाही. पण कायद्याने एक दार ठेवलं आहे, कलम ६०१३(जी). दोघांनी लेखी सांगायचं, की वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्यातला एक निवासी होता आणि एक अनिवासी, आणि आम्हा दोघांनाही पूर्ण वर्षासाठी निवासी धरावं. त्या कागदावर दोघांची नावं, पत्ते, नंबर आणि दोघांच्या सह्या. तो रिटर्नला जोडायचा. याचा कुठला छापील फॉर्म नाही, साध्या कागदावर आपणच लिहायचा असतो, आणि म्हणूनच तो राहून जातो. आमचा राहिला होता. मग सुधारित रिटर्न भरण्याचा उद्योग करावा लागला.

आता पहिल्या मित्राचं वाक्य त्या कागदाशेजारी ठेवून वाच. ‘ती तेव्हा इथे नव्हती.’ बरोबर आहे, नव्हतीस. पण तुम्ही दोघंच लिहून देताय की तिला १ जानेवारीपासून इथली धरा. इथला निवासी जगभरच्या उत्पन्नावर कर भरतो. तेव्हा जानेवारी ते ऑगस्टचा पुण्याचा पगार, एफडीचं व्याज, फंड विकून झालेला नफा, सगळं त्या रिटर्नमध्ये आलं पाहिजे. सवलत घेताना मी इथली आणि उत्पन्न दाखवताना तिथली, असं दोन्हीकडून खाता येत नाही.

मग परवडतं का? हिशेब करू. २०२५ साठी वेगळं भरणाऱ्याची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर आणि एकत्र भरणाऱ्यांची ३१,५०० डॉलर. शिवाय एकत्र भरणाऱ्यांना १२ टक्क्यांची पायरी ९६,९५० डॉलरपर्यंत मिळते, वेगळं भरणाऱ्याला ती ४८,४७५ वरच संपते आणि पुढे थेट २२ टक्के लागतात. नवऱ्याचा पगार तेवढाच धरून, बाकी काही नाही असं मानून, वेगळं भरलं तर संघराज्याचा कर येतो सुमारे १५,६५० डॉलर. एकत्र, आणि तुझं उत्पन्न शून्य धरून, सुमारे ८,९४०. फरक ६,७०० च्या आसपास. तुझा नवरा ज्या आकड्याने हरखलाय, तो बहुतेक हाच.

आता त्यात तुझा पगार मिळवू. आठ महिन्यांचे ६,४०,००० रुपये, म्हणजे ढोबळ साडेसात हजार डॉलर. ते १२ टक्क्यांच्या पायरीतच बसतात, तेव्हा कर वाढतो सुमारे ९०० डॉलरने. म्हणजे खरं सांगूनही पाच हजार आठशेच्या घरात वाचतात! नऊशे डॉलरसाठी खोटं रिटर्न कोण भरतं गं? हा आकडा त्याच्यासमोर ठेव. निम्मं भांडण तिथेच मिटेल असा माझा अंदाज आहे, कारण मला वाटतं त्याने हा दुसरा हिशेब केलेलाच नाही.

भारतात कापलेल्या कराचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. तो अमेरिकेच्या करातून वजा करून मिळतो, फॉर्म १११६ भरून, पण फार आशा धरू नकोस. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि अमेरिकेचं करवर्ष जानेवारीला. तुझे जानेवारी ते मार्च २०२४-२५ मध्ये पडतात. त्यावर टीडीएस कापला असेल तर तेवढी वजावट मिळेल. एप्रिल ते ऑगस्ट पडतात २०२५-२६ मध्ये, आणि त्या वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर निवासी माणसाला कर लागत नाही. तू सप्टेंबरात आलीस तरी भारताच्या हिशेबात त्या वर्षी निवासीच ठरशील, कारण एप्रिलपासून तिथे ६० दिवसांहून जास्त होतीस आणि आधीची चार वर्षंही तिथेच काढलीस. मग पाच महिन्यांच्या चार लाखांवर भारतात कर शून्य, आणि शून्याची वजावट शून्य. भारतात कर लागला नाही म्हणून अमेरिकेतही लागणार नाही, हा आपल्या लोकांचा लाडका गैरसमज आहे.

या वर्षांच्या खेळामुळे कागदही दोन ठिकाणांहून जमवावे लागतील. नुसता फॉर्म १६ घेऊन चालणार नाही. गेल्या वर्षीच्या फॉर्म १६ मध्ये तुला नको असलेले नऊ महिने आहेत आणि यंदाचा जून २०२६ शिवाय हातात येणार नाही. जानेवारी ते ऑगस्टच्या आठ पगारपावत्या काढ. एचआरमधल्या मैत्रिणीला आजच मेसेज टाक, जुन्या कंपनीचं पोर्टल बंद झालं की लोक हात वर करतात. आयकराच्या पोर्टलवरून फॉर्म २६एएस आणि एआयएस उतरवून घे, व्याज आणि फंडाचे व्यवहार त्यात सापडतील. रुपयाचे डॉलर करायला वर्षाचा सरासरी दर चालतो, आयआरएस तो दरवर्षी जाहीर करते.

न्यू जर्सीचं राज्याचं रिटर्न वेगळं असतं. तिथेही एकत्र भरलंत तर तुम्हा दोघांना रहिवासी धरतात आणि तुझा पुण्याचा पगार त्यातही येतो. परदेशात भरलेल्या कराची वजावट न्यू जर्सी देत नाही, पण दोघांच्या पायऱ्या तिथेही सैल असल्यामुळे तुमच्या आकड्यांत एकत्रच स्वस्त पडतं.

खरी डोकेदुखी पगार नाहीच, ती आहेत तुझे म्युच्युअल फंड. भारतातला फंड अमेरिकेच्या कायद्यात ‘पीएफआयसी’ नावाच्या एका कुप्रसिद्ध खणात पडतो. प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१, आणि विक्रीचा नफा साध्या भांडवली नफ्यासारखा न धरता धारणाकाळावर पसरून, वरचे दर आणि व्याज लावून काढलेला कर. तू इथली नसतानाची वर्षं त्यात कशी धरायची, यात बारकावे आहेत. हे काम घरी बसून सॉफ्टवेअरवर करू नका. भारतीय फंडांचं काम केलेला सीपीए, म्हणजे इथला सीए, शोधा आणि पहिल्याच फोनवर विचारा, ‘फॉर्म ८६२१ किती भरलेत?’ तो अडखळला तर दुसरा बघा. नफा मोठा असेल तर त्याच्याकडून दोन्ही रस्त्यांचा हिशेब करून घ्या. एखाद्या वर्षी वेगळं रिटर्न स्वस्त पडू शकतं. माझ्या अंदाजाने तुमच्या बाबतीत तसं होणार नाही, पण आकडे माझ्यासमोर नाहीत, तुझ्यासमोर आहेत. उरलेले फंड ठेवायचे का, तेही त्याच बैठकीत विचार. २०२६ मध्ये तू दिवसांच्या हिशेबानेच निवासी होशील आणि मग यातून सुटका नाही.

एफबीएआर हा शब्द तुझ्या कानावर आला असेलच, इथल्या प्रत्येक मराठी मंडळात गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी तो काढतंच. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ते वेगळ्या पोर्टलवर कळवायचं. त्यावर कर नसतो, नुसती माहिती द्यायची असते. गंमत म्हणजे ६०१३(जी)चा कागद एफबीएआरला लागू होत नाही. तिथे खरा दिवसांचा हिशेब बघतात, त्यामुळे २०२५ साठी तुझ्यावर ते बंधन नाही. २०२६ चं मात्र तुला भरायचं आहे. फॉर्म ८९३८ चं तसं नाही, तो रिटर्नबरोबरच जातो. एकत्र भरणाऱ्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या जोडप्याची परदेशातली आर्थिक मालमत्ता वर्षअखेरीस १,००,००० डॉलरच्या किंवा वर्षात कधीही १,५०,००० डॉलरच्या वर असेल, तरच तो लागतो. लॉकरमधले दागिने यात येत नाहीत. आईला सांग, घाबरू नको म्हणावं.

पण नवऱ्याला एक विचार. त्याच्या आईच्या बँक खात्यावर, एफडीवर त्याचं दुसरं नाव आहे का? आपल्याकडे मुलगा परदेशी निघाला की बँकेत जाऊन ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून येतात, आणि मग मुलगा ते विसरतो. पैसे आईचे असले तरी नाव त्याचं आहे, म्हणून ते खातं, तेही पूर्ण रकमेने, त्याच्या एफबीएआरमध्ये यायला हवं. सहा वर्षं राहिलं असेल तर रात्रीत झोप उडवून घेऊ नका, पण लपवूही नका. आयआरएसने विचारण्याआधी आपणहून मागची वर्षं भरण्याचे रस्ते आहेत, तोच सीपीए सांगेल. दंडाचा कायद्यातला मूळ आकडा नकळत झालेल्या चुकीलाही १०,००० डॉलरपर्यंत आहे आणि महागाईनुसार तो वाढत गेलाय. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिटनर खटल्यात तो दर खात्यामागे नसून दर वर्षाच्या अहवालामागे धरायचा असं ठरवलं, एवढाच काय तो दिलासा. आणि कुणी मित्र ‘कोणाला कळतंय’ म्हणालाच तर त्याला सांग, जुलै २०१५ मध्ये भारत आणि अमेरिकेचा खात्यांची माहिती देण्याघेण्याचा करार झाला. भारतातली बँक फॅटकाचा, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती मागणाऱ्या अमेरिकी कायद्याचा, फॉर्म भरून घेते तो याचसाठी.

(जाता जाता: तुझं पुण्यातलं बचत खातं आता एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागेल. त्याचा या रिटर्नशी संबंध नाही, पण राहून जातं म्हणून लिहिलं.)

आता सहीबद्दल. जॉइंट रिटर्नवर सही म्हणजे त्यातल्या प्रत्येक आकड्याची आणि येणाऱ्या प्रत्येक देण्याची जबाबदारी दोघांवर, पूर्ण. अर्धी-अर्धी नाही. उद्या काही चुकीचं निघालं तर आयआरएस अख्खी रक्कम एकट्या तुझ्याकडूनही मागू शकते, कमाई शून्य असली तरी. उद्या घटस्फोट झाला तरी ती सही मागे येते. फसवल्या गेलेल्या जोडीदाराला त्यातून सोडवण्याची तरतूद आहे, फॉर्म ८८५७, पण ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे पटवून द्यावं लागतं. तू तर पगार दाखवायचा का असं स्वतःच विचारलं आहेस, म्हणजे तो आधार तुला उरलाच नाही. त्यामुळे न वाचता सही न करणं यात अविश्वास कुठे आला? कागदावर तुझं नाव त्याच्याइतकंच मोठं असणार आहे. त्याला सांग, ‘रविवारी चहा करते, लॅपटॉप घेऊन बस, मला पहिल्या पानापासून दाखव.’ माझा अनुभव असा, की बायकोला समजावून सांगताना नवऱ्यांनाही निम्म्या गोष्टी पहिल्यांदाच कळतात.

घाई मात्र करू नका. मुदत १५ एप्रिल २०२६ आहे. कागद जमले नाहीत तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवून घ्या. वाढते ती रिटर्नची मुदत, कर भरण्याची नाही, म्हणून अंदाजाने देणं असेल तर एप्रिलमध्येच भरा. आणखी एक सोय आहे. वेगळं भरलेलं रिटर्न मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत सुधारून एकत्र करता येतं. उलटा प्रवास मुदत उलटल्यावर बंद. म्हणजे मन साशंक असेल तर वेगळं भरून ठेवणं ही चूक ठरत नाही, एकत्र भरून पस्तावणं ठरू शकतं. आणि ६०१३(जी)ची निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही चालू राहते, आणि मोडली तर तुम्हा दोघांपैकी कुणालाही पुन्हा करता येत नाही. तू पुढच्या वर्षीपासून निवासीच होणार असल्याने त्याचा जाच तुला बहुधा होणार नाही.

राहिला नंबर. एच-४वर कामाचा परवाना नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. तुला आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठीचा नंबर, काढायचा आहे, नऊ आकडी, ९ ने सुरू होणारा. त्याचा अर्ज म्हणजे फॉर्म डब्ल्यू-७, आणि तो रिटर्नच्या वर जोडून कागदावरच पाठवायचा, टेक्सासमधल्या ऑस्टिनला. यंदा ई-फाइल नाही. रिटर्नवर तुझ्या नंबरची जागा रिकामी सोडायची. सीझनमध्ये नंबर यायला नऊ ते अकरा आठवडे धर, म्हणजे रिफंडही तेवढा लांबतो. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवू नकोस. भाऊबीजेला नाही तरी आजीच्या आजारपणाला अचानक निघावं लागतं, आणि पासपोर्ट ऑस्टिनला. आयआरएसने नेमलेले ‘सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट’ असतात, ते पासपोर्ट बघून, खात्री करून तिथल्या तिथे परत देतात. आधी वेळ घेऊन गेलं तर आयआरएसच्या स्थानिक मदत केंद्रातही पासपोर्ट तपासून मिळतो.

डब्ल्यू-७ वर कारणाचा चौकोन निवडताना आपल्या बायका हमखास चुकतात. ‘जी’मध्ये व्हिसा हा शब्द दिसतो, वाटतं हाच आपला. तो अनिवासी व्हिसाधारकाच्या जोडीदारासाठी आहे. तुझा नवरा कराच्या हिशेबात निवासी, म्हणून तुझा चौकोन ‘ई’.

आणि नाव. पासपोर्टवर अजून माहेरचंच नाव असेल, तर डब्ल्यू-७ वर, रिटर्नवर आणि त्या साध्या कागदावर तेच, जसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट. लग्नपत्रिकेतलं नाव इथे चालत नाही. सासूबाईंनी विचारलं तर सांग, पासपोर्ट बदलला की बदलू.

तुझी,
ताई